चार नंबर, सात नंबर

चार नंबरचा गळा करवतीच्या दातांखाली धरून सुनेने एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि पहिला हात मारला. कागदाच्या लगद्याचा असला तरी गळा चांगलाच टणक होता. आधी वार्निशच्या गुलाबी कपच्या उडाल्या, मग आतला राखी भुसा टेबलावर सांडायला लागला.

"काय कापतेस?" मागच्या खोलीतून आवाज आला.

सासऱ्यांचे शब्द हल्ली ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे यायचे, पण कान अजून कारागिराचेच होते. करवत लाकडावर चाललीय की लगद्यावर, हे त्यांना भिंतीपलीकडून कळायचं.

"काही नाही बाबा. जुना माल आहे."

"जुना... असा वाजत नाही. नवा आहे."

सून कापत राहिली. चार नंबरचा गळा सुटून हातात आला तेव्हा तिने सात नंबरची फळी जवळ ओढली.

या घरात माणसाचं शरीर नंबरांनी ओळखलं जायचं. शाळांच्या प्रयोगशाळांत भिंतीवर टांगायला लागतात त्या प्रतिकृती इथे बनायच्या. प्लायवूडची फळी, तिच्यावर लगद्याचे उठावदार अवयव, प्रत्येक अवयवावर पांढरा आकडा. एक नंबर डोळा, दोन नंबर कान, असं करत चार नंबर पचनसंस्था आणि सात नंबर श्वसनसंस्था. सगळे साचे सासऱ्यांनी तरुणपणी छापील तक्ते समोर ठेवून कोरलेले होते आणि त्या साच्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. रंगकाम मात्र गेली अकरा वर्षं सुनेकडे होतं. जठराला कुठला गुलाबी, यकृताला कुठला तपकिरी, पित्ताशयाला किती हिरवा, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. लहान आतड्याच्या वेटोळ्यांत कुंचला अडकला की ज्याने कोणी माणसाच्या पोटात एवढं आतडं कोंबलं, त्याच्या नावाने ती बोटं मोडायची.

"मोजून बघ," सासरे तेव्हा समोरून म्हणायचे. "सरळ केलं तर माणसाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट भरतं. आपण निम्मंच केलंय. उपकार मान."

दुपारी चारला दोघांचा चहा त्याच टेबलावर व्हायचा. सासऱ्यांना चहा पातळ आणि जीभ भाजेल इतका गरम लागायचा. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी कपाऐवजी कुंचले धुवायचा पेला तोंडाला लावला होता आणि घोट घेऊन 'आज साखर कमी आहे' म्हणाले होते. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सुनेकडून किमान दोनदा ऐकावी लागायची.

दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, आणि गिळणं बिघडलं. तेव्हापासून त्यांच्या नाकातून एक बारीक नळी पोटात सोडलेली होती. तिच्यातून दूध जायचं, डाळीचं पाणी जायचं, औषध जायचं. चव कशाचीच लागायची नाही. चार वाजले की सून आता स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याकडे तोंड करून, उभ्याउभ्या चहा संपवायची. वास मागच्या खोलीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडायची. चहा घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई एक दिवसाआड यायच्या. त्यांच्या पिशवीत एका पावडरचा डबा असायचा. ती पावडर पाण्यात घातली की पाणी दाट व्हायचं, चमच्यावरून सावकाश घसरायचं. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी तो पेला नाकाजवळ नेला आणि सुनेकडे पाहिलं.

"खळ आहे ही."

सुनेला हसू आवरेना, कारण ती हुबेहूब खळच दिसत होती. लगदा चिकटवायला रोज सकाळी टोपभर खळ शिजायची, ती अशीच.

"आजोबा, पातळ पाणी फार जोरात पळतं," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "तुमचा घसा आता सावकाश हलतो. पाणी पुढे जातं, घसा मागे राहतो, आणि पाणी श्वासनलिकेत शिरतं. दाट केलं की घशाला वेळ मिळतो. आणि हनुवटी छातीकडे आणून गिळायचं. वर बघायचं नाही."

"वेगळ्या आहेत त्या."

"काय वेगळं?"

"नळ्या. अन्नाची वेगळी. श्वासाची वेगळी. मी... केल्यात."

"नळ्या वेगळ्या आहेत, पण—"

"नळी घालायच्या आधी... पाणी प्यायलो. ठसका लागला मला? लागला? नाही ना?"

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"नाही लागला. तेच तर वाईट आहे, आजोबा. चुकीच्या वाटेला काही गेलं की ठसका लागायलाच हवा. तो पहारेकरी आहे. तुमचा पहारेकरी झोपलाय. पाणी बिनबोभाट फुप्फुसात गेलं, उजव्या. मागचा ताप त्याचाच होता."

सासऱ्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्या दिवसापासून बाईंचं नाव त्यांनी खळवाली ठेवलं. चमचा पुढे आला की ते मान वर करून छताकडे बघायचे, सरळ नळीत सरळ पडावं अशा बेताने, आणि हनुवटी खाली घ्या म्हटलं की एकही थेंब नको म्हणायचे. मागच्या खेपेला जाताना बाईंनी सुनेला दारात सांगितलं होतं, "गुरुवारी क्ष-किरणांखाली गिळण्याची तपासणी आहे. त्यातही असंच बिनबोभाट आत गेलं तर मग पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवावी लागेल. नाकातली किती दिवस ठेवणार?"

सुनेने मान डोलावली, समजलं म्हणून. पण टेबलाशी बसून कुंचला हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला काहीच समजलेलं नाही. मुख्य म्हणजे सासरे म्हणत होते तेच तिलाही वाटत होतं. चार नंबरमधलं पाणी सात नंबरमध्ये जाईलच कसं? चार नंबरचा घसा थेट अन्ननलिकेत उतरायचा, सात नंबरचा थेट श्वासनलिकेत. दोन फळ्या, दोन खिळे, दोन घसे. माणसाला घसा एकच असतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही, तिचा स्वतःचाही एकच होता. पण अकरा वर्षांत तिच्या हाताने तो दोन फळ्यांवर वेगवेगळा रंगवला होता आणि एकदाही तिला प्रश्न पडला नव्हता. तिला स्वतःचीच गंमत वाटली, आणि थोडी लाजही.

म्हणून मंगळवारी, नवरा माल पोचवायला गेलेला असताना, तिने करवत काढली.

दोन्ही गळे कापून झाले, सात नंबरचा खाली दोन फांद्या फुटतात तिथपर्यंत. नळ्या आतून पोकळच होत्या. आता दोघांचा मिळून एक करायचा होता, आणि अडचण अशी की दोघांनाही एकच जागा हवी होती. तिने अन्ननलिका पुढे ठेवली, श्वासनलिका मागे. जेवण तोंडातून जातं, तोंड पुढे, नाक त्याच्या वर आणि आत, म्हणजे श्वास मागून. तिला ते पटलं. खळीचं बोट फिरवून तिने दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटवल्या, वर चार नंबरचं अर्धं कापलेलं तोंड जिभेसकट बसवलं, आणि सगळं पाटावर ठेवून मागच्या खोलीत नेलं.

सासरे उशांना टेकून बसले होते. त्यांनी आधी पाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझा चार नंबर."

"हो."

"आणि सात."

"हो बाबा. दोन्ही कापले. रागवा मला, पण आधी बघा तरी. दोन्ही एका माणसात बसवले तर कसे बसतात ते बघायचं होतं."

ओरडण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. तो असता तर खोली दणाणली असती. त्यांचा डावा हात गोधडीवर दोनदा आपटला. मग त्यांची नजर नळ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. काहीतरी चुकलेलं दिसलं की त्यांच्या कपाळावर एक उभी आठी पडायची, ती पडली. सून ती आठी गेल्या दोन महिन्यांत विसरूनच गेली होती.

"उलटं," ते म्हणाले.

"काय उलटं?"

त्यांनी डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि वरून खाली घासली. सुनेनेही आपल्या गळ्यावर बोटं ठेवली. पुढे, कातडीखालीच, कडक कड्या लागत होत्या, एकाखाली एक. सात नंबरवर त्याच कड्या ती पांढऱ्या रंगाने रंगवायची, आखून, एकसारख्या. त्या इथे होत्या, बोटाखाली, पुढच्या बाजूला.

"अगं बाई," ती म्हणाली. "श्वासाची पुढे आहे."

"अन्नाची... मागे. मऊ. म्हणून हाताला लागत नाही."

तिने तिथेच पलंगाच्या कडेला बसून नळ्या सोडवल्या. खळ अजून ओली होती, म्हणून बरं. श्वासनलिका पुढे आली, अन्ननलिका मागे गेली. आणि आता जे समोर होतं ते कोणालाही दिसलं असतं. तोंडातून निघालेला घास मागच्या नळीत जायचा असेल तर त्याला पुढच्या नळीच्या उघड्या तोंडावरूनच जावं लागत होतं. दुसरी वाटच नव्हती.

"असं कसं केलंय?" सून म्हणाली. "प्रत्येक घासाला? रोज?"

सासरे श्वासनलिकेच्या वरच्या टोकाकडे बघत होते. तिथे पानाच्या आकाराचा एक छोटा उंचवटा होता. तक्त्यावर होता म्हणून त्यांनी तो साच्यात कोरला होता. त्याला आकडा नव्हता. सून त्याला फिका पिवळा रंग द्यायची, आणि हे काय आहे असं कोणी विचारलं तर नवरा 'बटण' म्हणून सांगायचा.

"ते सोडव," सासरे म्हणाले.

"बटण?"

"पान. वरून कापायचं. पुढची कड... चिकटलेली ठेव. जिभेच्या बाजूची."

तिने पातळ पात्याने कापलं. पान तुटायला नको म्हणून मुळाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मग बोटाने ढकललं. पान मागे कललं आणि श्वासनलिकेच्या तोंडावर बेतशीर बसलं. झाकण होतं ते. सात नंबरच्या फळीवर अडवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून त्याला काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून आकडाही नव्हता.

इतकी वर्षं आपण श्वासाच्या घराचं दार भिंतीवर नुसतं टांगून ठेवलं होतं, असं काहीसं सून बोलून गेली. सासरे हसले नाहीत. त्यांनी बोट पुन्हा गळ्यावर ठेवलं होतं.

"श्वास घे. आणि घेता घेता... गीळ."

"म्हणजे?"

"दोन्ही एकदम कर."

तिने करून पाहिलं. श्वास आत ओढायला लागली आणि आवंढा गिळायला गेली. श्वास थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. चौथ्या वेळेला ती चिडली आणि नेट लावून बघितलं, तरी जमलं नाही. घशाने कोणालाही न विचारता आधी दार लावलं, घास नसलेला घास जाऊ दिला, आणि मग दार उघडलं.

"होतच नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षांची झाले मी. हे मला कोणी सांगितलंच नाही."

"मलाही," सासरे म्हणाले.

मग दोघांनी पाणी ओतून बघायचं ठरवलं. सुनेने आतून वार्निशचा हात दिला, बुधवारी सकाळपर्यंत वाळू दिला, जीभ आणि हनुवटीचा तुकडा ट्यूबच्या पट्टीवर हलता केला, आणि श्वासनलिकेच्या खाली, जिथे तिच्या दोन फांद्या होतात तिथे, दोन वाट्या ठेवल्या. हनुवटी सासऱ्यांनी डाव्या हातात धरली. पाणी तिने चमच्याने सोडलं.

हनुवटी वर असताना पाणी सरळ पुढच्या नळीत पडलं. आणि दोन वाट्यांपैकी एकीतच साचलं.

"उजवी," सून म्हणाली. "खळवाल्या बाई म्हणाल्या होत्या, उजव्या फुप्फुसात."

सासरे वाटीकडे बघत राहिले. सात नंबरची उजवी फांदी डावीपेक्षा उभी होती, रुंदही. तक्ता बघून कोरताना त्यांना वाटलं होतं की चित्रकाराचा हात हलला असणार. तरी त्यांनी तशीच कोरली होती, कारण तक्त्यात होती. आपण न समजता बरोबर केलं, याचं समाधान मानावं की वाईट वाटून घ्यावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर ठरत नव्हतं.

"माझ्यात पण... असंच गेलं," ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

मग त्यांनी हनुवटी खाली वाकवली. जीभ मागे सरकली, जिभेने पान ढकललं, पान नळीवर झुकलं. सुनेने बाईंनी ठेवलेल्या पावडरीने पेल्यात दाट केलेलं पाणी चमच्याने घेतलं आणि सोडलं. ते पानाच्या अंगावरून दोन्ही बाजूंनी सावकाश उतरलं आणि मागच्या नळीत गेलं. थोडं पुढेही ठिबकलं. लगद्याचं काम, तेवढं चालायचंच.

"थोडं जातंय," सासरे नाराज होऊन म्हणाले. बोट गळ्यावर, आवंढा, पुन्हा आवंढा. "हे बघ. गिळताना कंठमणी वर येतो. पूर्ण नळीच वर येते, पानाखाली. आपली... जागची हलत नाही. किती वर येते, कळलं पाहिजे."

त्या संध्याकाळी नवऱ्याने फळ्यांवर शिर नसलेली दोन धडं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"सोमवारी शाळेत द्यायचे होते ना हे?"

"देऊ की," सून म्हणाली. "दुसरे करून. तुला एक दाखवू का? श्वास घे, आणि घेता घेता गीळ."

गुरुवारी तपासणीच्या खोलीत सासऱ्यांना खुर्चीत ताठ बसवलं. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला पडदा. थेरपिस्ट बाईंनी पांढरं, दाट औषध चमच्यात घेतलं. हे पडद्यावर काळं दिसेल, त्यांनी सांगितलं. सून जड एप्रन घालून भिंतीपाशी उभी होती. आज जे दिसेल त्यावर ठरणार होतं की या माणसाच्या जिभेला पुन्हा कधी काही लागणार की नाही, आणि ती स्वतः यापुढे ओट्याकडे तोंड करूनच चहा पिणार की काय.

पहिल्या चमच्याला सासऱ्यांनी हनुवटी आपणहून छातीशी नेली. बाईंनी सुनेकडे चकित होऊन पाहिलं. पडद्यावर राखाडी गळा होता, मणक्यांची ओळ होती, आणि एक काळा गोळा जिभेवरून मागे सरकत होता. पान झुकलं. गोळा मागच्या नळीत उतरला. उतरताना नळीच त्याला आवळून आवळून खाली ढकलत होती.

दुसरा चमचा नीट गेला, तिसराही. पाचव्यापर्यंत सुनेने मोजलं. सहाव्या चमच्याला सासऱ्यांची नजर कडेने पडद्याकडे वळायला लागली. ते सुनेच्या लक्षात आलं. "बाबा, खाली," ती म्हणाली, पण तोवर सातवा चमचा तोंडात गेला होता, आणि गिळताना नळी किती वर येते हे बघायला सासऱ्यांनी मान उचलली.

पडद्यावर एक बारीक काळी रेघ पुढच्या नळीत घसरली.

क्षणभर खोलीत काहीच झालं नाही. मग सासऱ्यांच्या छातीतून आवाज फुटला. ते खोकायला लागले, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चेहरा लालबुंद होईपर्यंत. ठसक्यामागून ठसका. दोन दिवसांची मेहनत, हातातोंडाशी आलेलं सगळं, एकदा मान उचलण्यात गेलं, असंच सुनेला वाटलं. पडद्यावरची ती रेघ खोकल्यासरशी वर सरकली, नळीच्या काठावर आली आणि बाहेर पडली.

थेरपिस्ट बाईंनी चमचा ठेवला, सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हसत होत्या.

"उठला की हो तुमचा पहारेकरी."

सुनेला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिला रडूही आलं आणि आपण रडतोय याचं हसूही आलं, आणि त्या दोहोंत तिला आवंढा गिळावा लागला.

"पोटाला छिद्र पाडून बसवायची नळी आता नको," बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "नाकातलीही हळूहळू काढू. आजपासून तोंडाने, दाट करून, मान खाली. चहासुद्धा चालेल, आजोबा. खळीचा."

चहाचं नाव काढल्यावर सासऱ्यांचा चेहरा उजळेल म्हणून सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. डोळे पुसायचं राहून गेलं होतं, आणि डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांपासून जराशी लांब धरून ते हवेत कसलं तरी माप घेत होते.

"एवढी वर येते," ते सुनेला म्हणाले. मग बाईंकडे वळले आणि हनुवटी नीट छातीशी नेऊन तोंड उघडलं.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले. "तू बघ, सूनबाई. मी खाली बघतो."